झेनॉन की आरगॉन?
बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू झाल्यावर मेंदू वाचवण्याच्या चाचणीसाठी कोणता वायू निवडावा?

झेनॉन एनएमडीए ग्राही (मेंदूच्या पेशींवरचे, अति उत्तेजित झाले की पेशींना इजा करणारे रेणू) अडवतो. फिनलंडमध्ये 110 रुग्णांच्या चाचणीत (2016) निम्म्यांना शरीर 33 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करण्यासोबत 24 तास सुमारे 40% झेनॉन दिला. एमआरआयवर मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याची (चेतातंतूंच्या भागाची) हानी कमी दिसली, मृत्यूंत मात्र ठोस फरक नाही. हवेत तो कोटी भागांत जेमतेम एक. म्हणून महाग, बंद सर्किटशिवाय (उच्छ्वासातला वायू पुन्हा वापरणारी यंत्रणा) परवडतच नाही. फुप्फुसांना 60% हून जास्त ऑक्सिजन लागला, की 40% झेनॉनला जागा उरत नाही.

आरगॉन हवेत 0.93%, स्वस्त. पण तो भूल देत नाही, शामक वेगळे लागते; पुरावाही बहुतांशी प्राण्यांवरचा. ऑक्सिजनची अडचण तीच.

सुसज्ज आयसीयूतल्या चाचणीला झेनॉन, कमी पैशांतल्या प्रयोगशाळेला आरगॉन. रोजच्या रुग्णाला दोन्ही नकोत. तिथे ताप आटोक्यात ठेवा.