साखरेऐवजी पुडी की गोळी? काही महिने वापरल्यावर

डब्यावर मोठ्या अक्षरात 'स्टीव्हिया' (गोड पानांची एक वनस्पती) छापलेलं असतं, पण पुडीत स्टीव्हिया नावालाच. त्याचा अर्क साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड असतो, त्यामुळे पुडी भरायला दुसरं काहीतरी घालावं लागतं. ते बहुतेक वेळा एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेसारखा दिसणारा एक गोड पदार्थ, असतं. मधुमेह असेल तर डबा उलटा करून आधी हे बघा.

रोजच्या चहाला सुक्रालोज या कृत्रिम गोडव्याची गोळी बरी. एक गोळी म्हणजे चमचाभर साखरेचा गोडवा, आणि चहा उकळला तरी तो जात नाही. अस्पार्टेम हा दुसरा कृत्रिम गोडवा उकळीत मोडतो, म्हणून तो गाळलेल्या चहातच टाकायचा. स्टीव्हियाचा कडसरपणा कडक चहात खपून जातो, नुसत्या दुधात लगेच कळतो. सुक्रालोजच्या पावडरीत मात्र माल्टोडेक्स्ट्रिनची (पिठूळ पदार्थापासून केलेल्या, साखर वाढवणाऱ्या पावडरीची) भर असते. कपाला चिमूटभर घातली तर फरक पडत नाही, पण खिरीत वाटीभर ओतली तर साखर मोजायच्या मीटरवर आकडा दिसतो.

आता रक्तवाहिन्यांचं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी 2023 साली 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं, की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त त्यांच्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाणही जास्त. यात एक मेख आहे. ग्लुकोजपासून शरीर स्वतःही एरिथ्रिटॉल बनवतं, तेव्हा ते बिघडलेल्या चयापचयाची नुसती खूणही असू शकतं. पण 2024 मध्ये त्याच गटाने निरोगी माणसांना एका वेळी 30 ग्रॅम पाजलं, तर प्लेटलेट (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी) जास्त चिकट झाल्या. तेवढ्याच ग्लुकोजने तसं झालं नाही. मधुमेहात रक्तवाहिन्यांचं अस्तर आधीच दुखावलेलं असतं, म्हणून हे कानाआड करू नये.

तरी घाबरून डबा फेकायचं कारण नाही, ग्रॅम मोजा. पुडीत एक-दोन ग्रॅम, म्हणजे दिवसाचे तीन चहा 30 च्या जवळपासही जात नाहीत. घोळ होतो शेंगापोळीत. गुळाच्या जागी वजनाला वजन एरिथ्रिटॉल घातलं, की दोन पोळ्यांतच तो आकडा ओलांडला जातो. शिवाय पोळी जमतही नाही. गूळ कुटाला धरून ठेवतो; हे कोरडंच राहतं, सारण लाटताना कडेने सांडतं, थंड झाल्यावर दाताखाली खडे येतात आणि जिभेला पेपरमिंटसारखा गारवा लागतो. संक्रांतीला खऱ्या गुळाची अर्धी पोळी घ्यावी, सोबतची भाकरी कमी करावी. आमच्या मते हा सौदा सरळ आहे.

'शुगर फ्री' मिठाईत बऱ्याचदा माल्टिटॉल हा एरिथ्रिटॉलच्याच जातीचा गोडवा असतो. तो रक्तातली साखर वाढवतो, फक्त साखरेपेक्षा कमी, आणि दोन-तीन तुकडे जास्त झाले तर पोट बिघडवतो. पेढ्यातला खवा आणि तूप तर आहे तिथेच आहे.

गोळी साखरेला पर्याय आहे, औषधाला नाही. दिवसाचे सहा-सात चमचे खरोखर कमी झाले तर एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सुधारायला हातभार लागतो. बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि तंबाखू यांना ती हातही लावत नाही. शेंगाचटणीतलं मीठ सुद्धा याच हिशेबात धरा, सोलापुरात ते सहज विसरलं जातं.

उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर घरात सरबताच्या बाटल्या दोन ठेवा, एक खऱ्या साखरेची, एक गोड गोळीची, आणि खूण करा. घाम फुटला, हात थरथरले, साखर 70 च्या खाली आली, तर गोड गोळीच्या सरबताने ती वर येत नाही. तेव्हा खरी साखर तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मीटर लावायचं.