‘हाताने घडवलेले’ म्हणून विकलेले ३२ टोन

सिंथसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसाठी, खास टोन (तयार आवाज) करून विकणाऱ्या एका माणसाकडून मी फसलो. पैसे गेले ते गेलेच, पण त्याच्या सूचनेप्रमाणे फाइल लोड करताना माझे स्वतःचे ३२ टोन पुसले गेले. ते कुठून विकत मिळणार नाहीत. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून जे घडलं ते सगळं लिहितोय.

माझा कीबोर्ड यामाहा डीएक्स७, १९८३ सालचं मॉडेल. वापरलेला घेतला, त्यामुळे त्यासोबतची, कंपनीचे टोन साठवलेली मूळ कार्ट्रिज मला मिळाली नाहीत आणि कंपनीचे मूळ टोन मी या कीबोर्डवर कधी वाजवून पाहिलेच नव्हते. आतल्या ३२ जागांवर मी दोन वर्षं माझे टोन भरत गेलो. हा कीबोर्ड एफएमवर चालतो, म्हणजे एका लहरीने दुसरी लहर हलवून आवाज घडवतो. ज्यांनी एफएमवर काम केलंय त्यांना ठाऊक आहे, इथे फिल्टर नाही, भरपूर नॉब नाहीत. लहरी काढणारे सहा ऑपरेटर, त्यांच्या जोडणीचे ३२ अल्गोरिदम, आणि एका स्लायडरवर एका वेळी एकच आकडा. जो ऑपरेटर ऐकू येतो तो कॅरिअर, त्याची लेव्हल वाढवली की आवाज मोठा होतो. त्याला हलवणाऱ्या मॉड्युलेटरची वाढवली की तोच आवाज उजळतो, धारदार होतो. माझी एक घंटा होती. कॅरिअरचं वारंवारतेचं गुणोत्तर १.०० वर आणि मॉड्युलेटरचं ३.५० वर. तिथे ३ किंवा ४ ठेवलं तर नाद गुळगुळीत येतो, साडेतीन केलं की त्यात धातू उतरतो. तिचा नाद विरत जाताना शेवटी जो किंचित थरथरायचा, तो डिट्यूनचे, म्हणजे सूर किंचित सरकवण्याचे, आकडे एकेक पायरी हलवत मला बऱ्याच रात्रींनी सापडला होता.

विक्रेत्याची जाहिरात ३२ टोनच्या बँकेची होती. ‘प्रत्येक टोन शून्यापासून हाताने बांधलेला, कुठेही मिळणार नाही.’ सोबत डेमो. डेमोतला इलेक्ट्रिक पियानो डावीकडून उजवीकडे तरंगत होता आणि मागे लांबलचक रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. मूळ डीएक्स७ चं आउटपुट एकच, मोनो. त्यात रिव्हर्ब नाही, कोरस नाही. म्हणजे मी जे ऐकत होतो त्यातलं निम्मं काम बाहेरच्या इफेक्टचं होतं. हे मला माहीत होतं, तरीही ऐकताना ते लक्षात घेतलं नाही. टोन विकत घेणार असाल तर कोरडं रेकॉर्डिंग मागा, कीबोर्डमधून थेट निघालेलं, आणि एकच नोट हळू आणि मग जोरात वाजवलेली. खरा टोन त्यात कळतो, कारण चांगल्या एफएम टोनमध्ये बोटाचा जोर मॉड्युलेटरपर्यंत पोचवलेला असतो.

मी त्याला विचारलं होतं, “आधी एखादा टोन सुटा पाठवाल का?” तो म्हणाला, “नाही हो, बँक अखंडच चालते. सुटं केलं की टोन बिघडतो.” हे धादांत खोटं आहे. सुटा टोन १६३ बाइटच्या सिसेक्स फाइलमध्ये (कीबोर्डचा डेटा नेणारी फाइल) येतो आणि तो फक्त एडिट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, जातो. ऐकायचा, नको असेल तर सोडून द्यायचा, मेमरीला धक्काही लागत नाही. ३२ टोनची बँक मात्र ४१०४ बाइटची असते आणि ती आली की आतल्या सगळ्या ३२ जागांवर थेट लिहिली जाते. त्याने मला मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे मेमरीचं कुलूप, बंद करून बँक पाठवायला सांगितलं. आधी आपले टोन उतरवून ठेवा, एवढं एक वाक्य तो बोलला नाही. कीबोर्ड संगणकाला जोडणारा मिडी इंटरफेस मी याच कामासाठी आणला होता. त्याच केबलने माझी बँक संगणकावर घ्यायला एक मिनिटही लागलं नसतं. मी घेतली नाही, ती चूक माझी. पण विकणाऱ्याने हे सांगणं त्याचं कर्तव्य होतं असं मी आजही मानतो.

दोन-तीन दिवस वाजवल्यावर शंका यायला लागली. तो इलेक्ट्रिक पियानो असंख्य जुन्या गाण्यांत ऐकल्यासारखा होता. एका वादक मित्राकडे मूळ कार्ट्रिज होतं. त्यातले टोन त्याने फाइलमध्ये उतरवून दिले आणि आम्ही दोन्ही फाइल, बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये शेजारी शेजारी उघडल्या. बँकेत प्रत्येक टोन १२८ बाइटचा असतो आणि त्यातले शेवटचे १० बाइट म्हणजे नाव. त्या दहांच्या आधीचे ११८ बाइट आम्ही टोनमागून टोन ताडून पाहिले. क्रम पत्ते पिसावेत तसा पिसलेला होता, नावं सगळी नवी होती. २९ टोनमध्ये बाकी एकही आकडा वेगळा नव्हता. उरलेल्या तीनांत फक्त ट्रान्सपोज २४ वरून १२ केला होता, म्हणजे तोच टोन एक सप्तक खाली. तो पियानो म्हणजे कार्ट्रिजवरचा ‘ई. पियानो १’ होता, अल्गोरिदम ५, १४.०० च्या मॉड्युलेटरसकट.

ही चलाखी एफएमपुरती नाही. सॅम्पलवर चालणाऱ्या कीबोर्डवरही कंपनीचा प्रीसेट उचलून त्याच्या फिल्टरचा कटऑफ थोडा हलवतात, रिव्हर्ब बदलतात आणि नवीन नाव देतात. तिथे टोन एडिटमध्ये उघडून ऑसिलेटरला, म्हणजे आवाजाच्या उगमाला, कोणता वेव्हफॉर्म लावलाय ते पाहा आणि त्याच जातीच्या प्रीसेटशी ताडा. एन्व्हलपचे, म्हणजे आवाज चढण्या-विरण्याचे, आकडेही जसेच्या तसे निघाले तर त्यात हातकाम काहीच नाही.

मी त्याला दोन्ही फाइलचे फोटो पाठवले. आधी म्हणाला, “सारखं वाटणं हा कानाचा भ्रम असतो.” बाइट दाखवल्यावर म्हणाला, “डिजिटल माल परत घेत नाही.” त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. पैसे ज्या मार्गाने दिले होते तिथे तक्रारीची सोय नव्हती, कारण त्याने ‘थेट पाठवा, स्वस्त पडेल’ म्हटलं आणि मी तसं केलं.

माझ्या ३२ पैकी नऊ टोनचे आकडे वहीत होते, अर्धेमुर्धे. घंटेचं पान सापडलं. अल्गोरिदम आहे, गुणोत्तरं आहेत, आउटपुट लेव्हल आहेत. डिट्यून आणि एन्व्हलपचे रेट लिहिलेले नाहीत. काल रात्री चौथा रेट, म्हणजे बोट उचलल्यावर नाद विरण्याचा वेग, ३० पासून एकेक वाढवत ऐकत बसलो. ३४ आणि ३५ च्या मध्ये कुठेतरी ती होती असं वाटतं. शेवटची थरथर अजून आलेली नाही.