डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण: एक वर्ष, दोन वर्षे की नोकरी सांभाळून?

पाच-सात वर्षे व्यवसायात काढलेल्या डिझायनरच्या मनात पदव्युत्तर शिक्षणाचा विचार येतो तो बहुधा हात कमी पडतो म्हणून नव्हे, तर दुसऱ्याने ठरवून दिलेल्या प्रश्नांची उत्तरे सुबकपणे मांडण्यातच आपले आयुष्य जाते आहे, हे बोचू लागते म्हणून. एखादे नवे सॉफ्टवेअर किंवा मोशन ग्राफिक्स शिकणे एवढाच हेतू असेल, तर काही महिन्यांचा अभ्यासक्रम पुरतो आणि पुढील तुलनेची गरजच उरत नाही.

एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम विशेषतः ब्रिटनमध्ये रूढ आहे. तेथील मास्टर्स पदवी १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. म्हणजे सुमारे १८०० तास बारा महिन्यांत बसवायचे असतात. उत्पन्न एकच वर्ष थांबते, हा त्याचा उघड फायदा. मात्र पहिले सत्र रुळण्यात गेले की प्रबंधाचा विषय लगेच दारात उभा राहतो, आणि चुकलेला विषय टाकून दुसरा घेण्याइतकी उसंत उरत नाही. त्यामुळे स्वतःचा प्रश्न सोबत घेऊन येणाऱ्यालाच हा मार्ग मानवतो. वृत्तपत्राची मांडणी करणाऱ्या एखाद्याला मंददृष्टी वाचकांसाठी अक्षररचना कशी असावी, हेच शोधायचे असेल, तर त्याला दुसरे वर्ष कदाचित लांबणच वाटेल.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात खरी किंमत असते ती भरकटण्याच्या मुभेला. युरोपातील अनेक मास्टर्स पदव्या १२० युरोपीय क्रेडिटच्या (हे क्रेडिट ब्रिटनमधील क्रेडिटहून मोठे असते), म्हणजे दोन पूर्ण वर्षांच्या असतात; अमेरिकेतील एम.एफ.ए.लाही (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे कलाविषयातील पदव्युत्तर पदवी) सहसा दोन ते तीन वर्षे लागतात. पहिल्या वर्षी ग्राफिक डिझायनरने सेवा-डिझाइनमध्ये, म्हणजे लोकांना मिळणाऱ्या सेवांच्या आखणीत, हात घालावा, फसावे, समीक्षेच्या बैठकीत सहाध्यायांसमोर त्या फसण्याची कारणे सांगावीत आणि दुसऱ्या वर्षी त्यातूनच प्रबंध उभा करावा, एवढी सवड येथे मिळते. क्षेत्रच बदलायचे असणाऱ्याने म्हणून हाच पर्याय आधी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अध्यापनाकडे वळण्याचा विचार असणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची: अमेरिकेत एम.एफ.ए. ही स्टुडिओ-विषयांतील अंतिम, म्हणजे सर्वोच्च, पदवी मानली जाते, तर इतर अनेक ठिकाणी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.ची अपेक्षा असते. दोन वर्षे बुडणारे उत्पन्न मात्र शुल्काइतकेच जड असू शकते; हिशेब करताना अनेक जण केवळ शुल्कच मोजतात.

नोकरी सांभाळून केलेला अर्धवेळ अभ्यासक्रम कागदावर सर्वांत शहाणपणाचा दिसतो. पगार चालू राहतो, आणि वर्गात शिकलेली संशोधनपद्धती दुसऱ्याच दिवशी कामावर वापरून पाहता येते. अडचण येते ती वेगळ्याच बाजूने. कंपनीतील काम अनेकदा गोपनीयतेच्या कराराखाली असते, त्यामुळे ज्या प्रकल्पावर प्रबंध लिहिणे सोयीचे, तोच पोर्टफोलिओत दाखवता येत नाही. याखेरीज रात्री उशिरापर्यंत स्टुडिओत रेंगाळताना सहाध्यायांशी जी ओळख मुरते आणि पुढे कामे मिळवून देते, ती आठवड्यातून दोन संध्याकाळी येणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते. सध्याच्याच संस्थेत वरच्या जबाबदारीचे पद हवे असेल, तर मात्र याहून सोयीचा मार्ग नाही. तेव्हा विषय गोपनीयतेबाहेरचा निवडावा आणि वरिष्ठांची लेखी संमती आधीच घ्यावी.

पर्याय कोणताही असो, संस्थेच्या माहितीपत्रकापेक्षा तेथील गेल्या दोन वर्षांचे प्रबंध-प्रकल्प पाहणे अधिक उपयोगी ठरते. सगळे प्रकल्प एकाच घडणीचे दिसले, तर तेथे मार्गदर्शकांची आवड विद्यार्थ्यांवर स्वार होते, अशी शंका घ्यायला जागा आहे. आपल्याला ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे ते प्राध्यापक त्या वर्षी रजेवर तर नाहीत ना, हेही अर्ज करण्यापूर्वी पत्राने विचारून घ्यावे.