किनाऱ्यावरच्या घरातला इन्व्हर्टर: सौर पॅनेलशिवाय घेऊ नये

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या वाडीतले माड आणि पोफळी थेट विजेच्या तारांवर आडवे केले. खांब कलंडले, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) कोसळला आणि आमच्या आळीत लाइट आली ती महिना उलटल्यावर. त्या दिवाळीत घेतलेल्या ८५० व्हीए क्षमतेच्या इन्व्हर्टरचा आणि १५० एएच (अँपिअर-तास) साठ्याच्या ट्यूब्युलर बॅटरीचा हा अनुभव.

रोजच्या विजेच्या लपंडावासाठी हा संच उत्तम आहे. दोन पंखे आणि चार एलईडी दिवे सहा तास आरामात चालतात आणि लाइट गेल्याचे अनेकदा कळतही नाही. मात्र मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत सरकले आणि वीज गेली, तेव्हा बॅटरी पहिल्याच रात्री उतरली. इन्व्हर्टर-बॅटरीचा संच वीज साठवतो, निर्माण करत नाही, ही साधी गोष्ट विक्रेत्याने सांगितली नव्हती आणि, खरे तर, आम्हीही विचारली नव्हती.

त्यानंतर १६५ वॉटची दोन सौर पॅनेल आणि त्यांची वीज बॅटरीत नीट भरणारा चार्ज कंट्रोलर बसवला, तेव्हा कुठे पैसे सत्कारणी लागले. भर पावसाळी आभाळात बॅटरी पूर्ण भरत नाही, पण रात्री एक पंखा, दोन दिवे आणि घरातले सगळे मोबाइल एवढे भागते. पॅनेलचा सांगाडा पत्र्यावर न बसवता स्लॅबमध्ये बोल्टने पक्का करून घ्यावा. निसर्गच्या वेळी शेजाऱ्यांचे पत्रे आमच्या पडवीत येऊन पडले होते. खाऱ्या हवेमुळे बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचते, ती दर महिन्याला पुसून व्हॅसलीन लावावे लागते. डिस्टिल्ड वॉटरची पातळीही स्वतःच पाहावी, कारण मेकॅनिक दोन-तीनदा फोन केल्याशिवाय येत नाही.

खरी उणीव पाण्याची आहे. विहिरीवरचा एक एचपीचा पंप या इन्व्हर्टरवर उचलला जात नाही, आणि वादळानंतर दिव्यापेक्षा पाण्यावाचूनच घर अधिक अडते. म्हणून काढून माळ्यावर टाकलेला रहाट आम्ही पुन्हा विहिरीवर बसवला आहे.