उपवासाला साबुदाणा की भगर?

एकादशीला खिचडी खाऊन वर्कआउटला गेलं की तासाभरात परत भूक लागते, कारण साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च, 100 ग्रॅममध्ये प्रोटीन 1 ग्रॅमसुद्धा नाही, खिचडीत जे काय प्रोटीन येतं ते दाण्याच्या कुटाचं. भगर तशी नाही, ती भरडधान्य आहे, प्रोटीन साधारण 6 ते 10 ग्रॅम आणि थोडं फायबरपण, फक्त अगदी पांढरीशुभ्र पॉलिशवाली घेऊ नका. कॅलरी मात्र कोरड्या वजनावर दोन्हीत साधारण सारख्याच हं, त्यामुळे भगर आहे म्हणून ताट भरून वाढून घेऊ नका. लाँग रनच्या आधी पटकन एनर्जी हवी असेल तर वाटीभर खिचडी चालेल, एरवी मी भगर, दाण्याची आमटी आणि दहीच सांगेन.