फ्लॅकच्या वेष्टनात विकली जाणारी एमपीथ्री

‘24 बिट, 96 किलोहर्ट्झ, लॉसलेस’, म्हणजे सीडीहूनही बारकाईचा आणि काहीही न छाटलेला आवाज, म्हणून अल्बम विकला गेला. फायली फ्लॅक (काहीही न गमावता आवाज साठवणारा फाइल-प्रकार) होत्या, प्लेअरवर आकडेही तेच दिसत होते. आत मात्र एमपीथ्री निघाली. विक्रेत्याने वर पुरावाही दिला होता: फ्लॅकची चाचणी चालवली की ‘ओके’ येतं! त्यावर अजिबात विसंबू नका. ती चाचणी एवढंच सांगते, की फ्लॅक बनवताना जो आवाज आत गेला तोच बाहेर येतोय. आत काय घातलं होतं, हे ती सांगूच शकत नाही.

एमपीथ्रीचा एन्कोडर (फाइल लहान करणारा प्रोग्रॅम) वरच्या फ्रीक्वेन्सी, म्हणजे सगळ्यात उंच आवाज, छाटतो. 128 केबीपीएसला (सेकंदाला 128 किलोबिट) साधारण 16-17 किलोहर्ट्झच्या पुढचं सगळं जातं, 320 ला बहुतेक 20 च्या पुढचं. तीच फाइल डिकोड करून फ्लॅक केली की आकार फुगतो, गेलेलं परत येत नाही. त्यामुळे ‘फाइल मोठी आहे ना’ हा दिलासा फोल आहे.

पकडायचं तर स्पेक्ट्रोग्राम काढा, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती फ्रीक्वेन्सी किती आहे हे रंगांत दाखवणारं चित्र. ‘स्पेक’ या प्रोग्रॅममध्ये फाइल नुसती ओढून टाकली तरी चालतं. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र स्पेक्ट्रोग्रामची कमाल फ्रीक्वेन्सी सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्याच्या) निम्मी करून घ्या, 96 किलोहर्ट्झच्या फाइलला 48,000 हर्ट्झ. नाहीतर वरचा भाग दिसतच नाही आणि चांगल्या फाइलवर उगाच संशय येतो. झांजा किंवा टाळ्या असलेली जागा बघा. तिथे रंग 16 किलोहर्ट्झवर पट्टीने आखल्यासारखा सरळ तुटला आणि वर पूर्ण काळोख असेल, तर मूळ माल एमपीथ्रीच समजा. 320 वाली जास्त फसवी: 16 ते 20 च्या पट्ट्यात रंगाचे चौकोनी तुकडे नि मधेमधे भोकं दिसतात. 22 च्या जरा वर सगळं थांबत असेल, तर सीडीचा 44.1 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा आवाज 96 वर चढवलेला असण्याची दाट शक्यता आहे. 24 बिटांतले खालचे 8 सगळीकडे शून्य असतील तर तेही 16 बिटांचंच ताणलेलं.

तक्रार केली की ‘मूळ टेप जुनी आहे’ हे उत्तर ठरलेलं. जुन्या टेपला वरचा आवाज कमी असतो, हे खरं. पण तो हळूहळू विरतो आणि टेपची खरखर वरपर्यंत पसरलेली दिसते. एकाच उंचीवर सुरीने कापल्यासारखी सगळी गाणी टेपमुळे होत नाहीत. स्पेक्ट्रोग्रामची चित्रं, टॅगला (फाइलमधल्या गाणं-कलाकाराच्या नोंदींना) हात न लावलेल्या मूळ फायलीसकट पाठवा आणि परतावा मागा.