आबाजींची पेटी स्कॅन करून आणली, दुकान कसं वाटलं ते लिहितो

आमचे आबाजी झेडपीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. चित्रं काढायचे, दिवाळी अंकांना कथा पाठवायचे, आणि ते गेल्यावर दारव्ह्याकडच्या घरी कागदांनी गच्च भरलेली एक लोखंडी पेटी उरली. कसर लागायला लागली होती. त्यात पोरीनं मोबाइलवर दाखवलं की के. जी. सुब्रमण्यन (१९२४ ते २०१६, बडोद्यात अन् शांतिनिकेतनात शिकवलं, चित्रकार अन् लेखक पण) यांचे कागद हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हनं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, फुकट पाहता येतात. म्हटलं आबाजी काही तेवढे मोठे नाहीत, पण आपल्याले तर आहेत ना.

आधी एका दुकानात गेलो तर तो म्हणे लॅमिनेशन करून देतो, शंभर वर्षं हलत नाही. पेटी उचलली न निघालो. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद परत सुटत नाही बाप्पा, असं कोणी करू नका.

मग बसस्टँडमागचं हे झेरॉक्सवालं. पोरगा हुशार आहे. पहिलाच कागद उलटून पाहिला न म्हणे, "काका, मांगं बी हाय काहीतरी, काढू का?" पुढं एलिमेंटरीच्या ड्रॉइंग परीक्षेला बसलेल्या पोरांची यादी, अन् मागं निळ्या शाईत तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, चाकांसकट, एक चाक जरा वाकडं. आबाजींना कोरी बाजू दिसली की राहवायचं नाही, 'साभार परत'ची चिठ्ठी आली की तिच्याच पाठीवर पुढची कथा सुरू. दुसऱ्या कोणी नुसती पुढची बाजू काढून दिली असती अन् मलाही कळलं नसतं.

पानाला ३ रुपये, चित्राला २०. लिखाण ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला इतके ठिपके, जास्त तेवढं बारीक दिसतं), चित्रं ६०० वर, क्वालिटी एकदम मस्त, पेन्सिलीच्या पुसलेल्या रेघा पण दिसतात.

आता तक्रारी. पोस्टकार्डं फीडरमधून (मशीन आपोआप कागद ओढते तिथून) टाकली अन् एक अडकून कोपऱ्यात दुमडलं, १५ पैशाचं जुनं कार्ड, मग मी उभा राहून बाकीचं सगळं काचेवर ठेवायला लावलं. फायली व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्या, सगळ्या दबून आल्या, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन परत चक्कर, मे महिन्याचं ऊन अन् त्यात दोनदा लाइन गेली. सगळ्यात मोठी चूक म्हणजे गंजलेल्या टाचण्या काढून त्यानं सगळे कागद साइजप्रमाणे लावले. टाचण्या काढल्या ते बरंच केलं, पण कोणती चिठ्ठी कोणत्या कथेला टाचलेली होती ते गेलं. चूक माझीही आहे, मी चहा प्यायला गेलो होतो.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक गठ्ठा अजून बाकी आहे, तो तिथंच नेणार, पण आधी घरी टाचण्यांसकट एकेकाचा मोबाइलवर फोटो काढून नंबर टाकून.